अडीच सुताचा नट

गेल्या दिवाळीनंतर मामाच्या घराचा माळा रिकामा केला. मामा जाऊन वर्ष झालं होतं, मामेभाऊ आता ते घर पाडून नवीन बांधणार, तर त्याआधी ज्याला जे पाहिजे ते घेऊन जा म्हणून त्यानं सगळ्यांना बोलावलेलं. गाव खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पुढं, पावसाळ्यात चार महिने भिंतीला हात लावला तरी हात ओला होतो असं. मामेभाऊ वर, मी शिडीवर, आणि आई खाली खुर्चीत बसून उतरणारी प्रत्येक वस्तू कुणाची, कुणाच्या लग्नात आली, कुणी फोडली ते सांगत होती. बूड गेलेला हंडा आला, शेवयांचा साचा आला, पाळण्याच्या कड्या आल्या, आणि मग गोणपाटात गुंडाळलेले तीन शिसवी खांब आले.

आईनं गोणपाट सोडलं, पदरानं धूळ पुसली, दोनदा मोजले आणि वर बघून म्हणाली, "चौथा कुठाय?"

असेल की कुठंतरी, बघतो, असं मामेभाऊ म्हणाला. मी शिडीवर गप्प. कारण चौथ्याचं काय झालं हे मामानंतर फक्त मला माहीत होतं. त्याचा पूल खेळायचा क्यू झाला होता, म्हणजे टेबलावरचे बॉल मारायची काठी.

आता हे नीट सांगायला पाहिजे. तो पलंग आईच्या आजीचा, चार कोपऱ्यांना मच्छरदाणीचे चार खांब असलेला. पलंगाच्या फळ्या साध्या लाकडाच्या होत्या, त्या वाळवीनं कधीच खाल्ल्या, पण शिसवाला वाळवी सहसा तोंड लावत नाही, त्यामुळं खांब राहिले. आई सांगते, "मी लहान असताना त्या पलंगाखाली लपून बसत होतो." (आमच्याकडं बायका 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात, पुण्यात माझ्या बायकोला हे समजवायला मला पाच वर्षं लागली, अजूनही आईचा फोन आला की ती हसते.) तर आईच्या दृष्टीनं ते खांब म्हणजे तिची आजी. आणि 2003 साली मामानं त्यातला एक उचलून माझ्या हातात दिला, आईला न विचारता, आणि मीही सांगितलं नाही.

मी तेव्हा बेळगावात, टिळकवाडीत, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ एका बेसमेंटमध्ये पूल पार्लर होतं, दोन टेबलं, तासावर पैसे, गेट पडलं की उभं राहण्यापेक्षा खाली उतरायचं आणि एक फ्रेम खेळायची असं सुरू झालं आणि मग गेट उघडं असलं तरी उतरायला लागलो. घरी मी खरंच सांगायचो की पूलवर जातो. आई म्हणायची, "रोज उठून पूल काय बघायचा, पडलाय काय तो?" पूल म्हणजे तिच्या लेखी एकच, रेल्वेवरचा. आणि क्यू म्हणजे रेशनच्या दुकानासमोरची रांग. हा शब्दांचा घोळ तेव्हा माझ्या सोयीचा होता, वीस वर्षांनी तोच माझ्या अंगावर आला, ते पुढं.

त्याच वर्षी पंकज अडवाणीनं चीनमध्ये जागतिक हौशी स्नूकरचं पहिलं विजेतेपद घेतलं, वय वर्षं 18. जन्म पुण्याचा, वाढला बेंगळुरूत. आमच्या पार्लरमध्ये त्यावर दोन दिवस वाद, तो आमचा का त्यांचा. सीमाभागात पोरगं जिंकलं की आधी त्याचं टेरिटरी ठरवायला लागतं. कुणीतरी विल्सन जोन्सचं नाव काढलं, 1958 चा जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेता, भारताचा कुठल्याही खेळातला पहिला वैयक्तिक जगज्जेता, तोही जन्मानं पुण्याचाच, म्हणून मराठी बाजू एकानं पुढं गेली. असो.

पार्लरच्या काठ्या भंगार होत्या. टेबलावर ठेवून गोल फिरवली की शेंडा असा डुगडुगायचा की मागच्या चाकाला आऊट आलेली सायकल आठवावी. एका पोराकडं मात्र काकानं अमेरिकेहून आणलेला स्वतःचा क्यू होता, मधोमध उघडून दोन तुकडे होणारा, चामड्याच्या पिशवीतला. मी एकदा त्या क्यूनं एक शॉट मारला आणि मग मला रात्री झोप लागेना. तिकडं क्यू बनवणं हा स्वतंत्र कारागिरांचा धंदा आहे, नावानं ओळखले जाणारे लोक आहेत. जॉर्ज बालाबुष्का म्हणून एक होता, जन्मानं रशियन, लहानपणी न्यूयॉर्कला आलेला, धंद्यानं सुतारकामवाला. 1959 पासून क्यू करायला लागला आणि 1975 ला वारला, सुरुवातीला ब्रन्सविक कंपनीच्या तयार 'टायटलिस्ट' क्यूंचा मागचा भाग घेऊन त्यावर स्वतःचं काम करायचा, म्हणजे जुन्या लाकडातूनच नवीन. आज त्याच्या काठ्या हजारो डॉलरला जातात आणि खरी-खोटी ओळखायला जाणकार लोक जोड बघतात, कड्या बघतात, नक्षीची टोकं कुठवर जातात ते बघतात. हे सगळं मी तेव्हा सायबर कॅफेत बसून वाचायचो, तासाला पैसे देऊन, सबमिशनच्या नावाखाली.

मामाला मी हे असंच जेवताना सांगितलं. मामा फौजेतून रिटायर. त्यानं घास थांबवला. मग कळलं की काही वर्षं त्याची ड्यूटी ऑफिसर मेसमध्ये होती आणि तिथल्या बिलियर्डच्या टेबलाची देखभाल त्याच्याकडं होती. बारा बाय सहा फुटांचं टेबल, रोज एकाच दिशेनं ब्रश मारायचा, मग कापडाला इस्त्री, होय, खरीखुरी इस्त्री. स्नूकर हा खेळच मुळात आपल्याकडच्या फौजी मेसमध्ये जन्मलेला, जबलपूरला 1875 साली, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या ऑफिसरनं काढलेला. मामाला ही गोष्ट माहीत होती, त्यानंच मला सांगितली. पण इतकी वर्षं त्या टेबलाला इस्त्री करणाऱ्या मामानं एकदाही बॉल मारलेला नव्हता. "आमी मारत नसतोय," एवढंच म्हणाला आणि ताटातला भात संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खांब काढून दिला. आणि ट्रंकेतून दुसरी एक वस्तू, मोडीत निघालेल्या जुन्या क्यूचा पुढचा अर्धा भाग, अॅश लाकडाचा. अॅश आपल्याकडं होत नाही, विलायती झाड. त्या लाकडावर रेषांचे टोकदार बाण उमटलेले असतात, एकात एक, शेंड्याकडं निघालेले, नेम धरताना ते बाण वर ठेवायचे असतात. मामानं तो तुकडा एवढी वर्षं का जपला होता ते मी विचारलं नाही. वीस वर्षांचा होतो, मला काठीशी मतलब.

मग चार महिने नुसती पळापळ. शहापुरात एक कातकाम करणारे सुतारकाका होते, पाळण्याचे खांब, लाटणी, देवघराचे कळस असलं कातायचे. शिसव बघून त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, की हा पोरगा हे चोरून तर आणला नाही. मग खांब नाकाला लावला. शिसव कातताना जांभळट भुगा पडतो आणि एक गोडूस वास सुटतो, पूर्ण दुकानभर. घाई करायचे नाहीत. थोडं कातायचं, दोन आठवडे टांगून ठेवायचं, परत थोडं. "लाकूड कापलं की ते अंग हलवतंय, हलून झालं की मग पुढचं." खूप नंतर मला कळलं की नावाजलेले क्यू बनवणारेही हेच करतात, काही जण महिनोन्‌महिने.

एक अडचण निघाली. खांबाला मच्छरदाणीची दांडी अडकवायचं आरपार भोक होतं आणि कातल्यावर ते नेमकं जोडापासून चार बोटं खाली आलं. मी रडकुंडीला. काकांनी फणसाच्या लाकडाची गोल खुंटी करून ती सरस लावून ठोकली, घासली, आणि त्या काळ्या-जांभळ्या शिसवावर पिवळी टिकली उमटली, दोन्ही बाजूंना एक-एक. मला ते विद्रूप वाटलं. काका म्हणाले, "राहूंदे रे, नजर लागत नाही."

जोड उद्यमबागला केला. बेळगाव हे लेथचं गाव, फाउंड्र्या आणि हायड्रॉलिक्सचं, तिथल्या एखाद्या शेडमध्ये जाऊन मिस्त्रीला नुसतं चित्र दाखवलं तरी काम होतं. अमेरिकन क्यूमध्ये मधला स्क्रू पाच सोळांश इंच जाडीचा आणि इंचाला 14 आटे, हा एक जुना प्रकार आहे, माझ्या मित्राचा तसाच होता. मी कागदावर लिहून नेलं. मिस्त्री म्हणाला, "पाच सोळांश म्हणजे अडीच सूत. अडीच सुताला चौदा आटे? कोण सांगितला तुला? अठरा असतात." मी म्हटलं, चौदाच पाहिजेत. तो म्हणाला, आटे पाडायचा टॅप अठराचा आहे, पाहिजे तर घे नाहीतर अमेरिकेला जा. घेतलं. म्हणजे माझ्या क्यूला अमेरिकेचा शेंडा बसणार नव्हता, पण हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही साधा अडीच सुताचा नट बसत होता. यावरून पार्लरमध्ये माझी यथेच्छ टर उडवली गेली.

मुठीला गुंडाळायला तिकडं आयरिश लिननचा दोरा वापरतात, आम्ही वडगावच्या एका यंत्रमागावरून सूत आणलं आणि खळ लावून, ओढून ओढून गुंडाळलं. टोकाचं चामडं अथणीच्या एका कारागिराकडून आलं, कोल्हापुरी चपलेच्या तळाचं, त्याचे गोल तुकडे पाडून. कोल्हापुरी चपलेला पुढं 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा टॅग, मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात बेळगावही आलं, म्हणजे चपलेचा सीमाप्रश्न मिटला म्हणायचा. क्यूचा मागचा टोक, जिथं तो जमिनीवर टेकतो, तिथं काळा रबराचा बूच लावला. वाण्याच्या तराजूत वजन केलं, अर्धा किलो आणि वर चाळीस ग्रॅम, म्हणजे बरोब्बर 19 औंस. वाणी म्हणाला, काय भाव?

खरं सांगायचं तर त्या क्यूनं माझा खेळ अजिबात सुधारला नाही. ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, जोरात बसायचा, आवाज सुंदर यायचा, काळा बॉल काही पॉकेटात जायचा नाही.

मामा एकदा आला बघायला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बेसमेंटच्या पायऱ्या उतरला. आधी टेबलाच्या कापडावरून उलटा हात फिरवला आणि मालकाला म्हणाला, ब्रश मारत नाही काय रे कधी. मग क्यू घेतला, दोन्ही टिकल्यांवर अंगठा फिरवला, अॅशचे बाण वर केले, खाली वाकला. कोपऱ्यातला पिवळा बॉल सरळ लाईनीत होता. एकच शॉट मारला. बॉल गेला. मामानं क्यू परत माझ्या हातात दिला, खिशातून रुमाल काढून हाताची निळी चॉक पुसली आणि चहा प्यायला वर चल म्हणाला. दुसरा शॉट मारलाच नाही. मी खूप आग्रह केला.

2006 ला मला पुण्यात नोकरी लागली. क्यू पार्लरच्या रॅकवर होता. पंधरा दिवसांत येऊन नेतो म्हणून मालकाला सांगितलं. ते पंधरा दिवस कधी आलेच नाहीत. दोन वर्षांनी कळलं पार्लर बंद झालं, मी दोन-तीन फोन केले, लागले नाहीत, आणि मग लग्न, फ्लॅट, ईएमआय. मामा दर वेळी विचारायचा, "काठी कुठाय तुझी?" आणि मी दर वेळी सांगायचो, पुण्याला आहे, घरी. मामा मरेपर्यंत मी हेच सांगितलं.

तर शिडीवरून उतरल्यावर मी आईला सगळं सांगितलं. वाटलं ओरडेल. ती खांबाचं गोणपाट परत गुंडाळत म्हणाली, "आण मग शोधून. चार झाले की मी पलंग करून घेतो."

चार दिवसांची रजा शिल्लक होती. शोधायला निघालो.

पार्लरच्या बेसमेंटमध्ये आता 'नीट' परीक्षेचे क्लास आहेत. पायऱ्या त्याच, वास वेगळा. बाजूच्या पानवाल्यानं जुन्या मालकाचा नंबर काढून दिला. मालक आता गोव्यात. त्यानं मला ओळखलं, किंवा ओळखल्यासारखं केलं, आणि म्हणाला एक टेबल निपाणीला विकलं, एक शिनोळीला, काठ्या टेबलांबरोबर गेल्या, राहिलेलं सगळं गुजरीत घातलं. माझा होता ना तो, मी म्हटलं. तो म्हणाला, "मी काय तुझ्या काठीचं म्युझियम चालवत होतो काय?" यावर उत्तर नव्हतं.

गुजरी म्हणजे आमच्याकडं भंगार. कोल्हापुरात गुजरी म्हणजे सोनारांची पेठ. शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये एका शब्दाचा भाव इतका पडतो. मालकानं सांगितलेली गुजरी जुन्या पी. बी. रोडच्या कडेला, पत्र्याची शेड, बाहेर कूलरच्या जाळ्या आणि बॅटऱ्यांचा ढीग, दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारी काठीनं कोंबडी हाकलत बसलेली. आत तिचा मुलगा, पन्नाशीचा, तराजूपाशी. मी विचारलं, पूलचा क्यू आला होता का, खूप वर्षांपूर्वी. "पुलाचं काय री? पुलाचं लोखंड आमी घेत नाही, पोलीस येतात." मी म्हटलं नाही हो, क्यू, बिलियर्ड, स्टिक. मोबाईलवर फोटो दाखवला, चकचकीत अमेरिकन क्यूचा, पांढऱ्या बॅकग्राउंडवर. तो बघून म्हणाला, "असलं मशीनचं पार्ट आमच्याकडं येत नाही बगा." संपलं. मी त्या म्हातारीच्या पायाशी उभा राहून रिक्षा शोधली आणि निघालो.

निपाणीला जाताना एक किलो कुंदा घेतला, मोकळ्या हातानं कुणाच्या दारात कसं जायचं. आणि हार्डवेअरच्या दुकानातून अडीच सुताचा एक नट घेतला, शर्टाच्या खिशात टाकला. कल्पना अशी की काठी कितीही रंगवली, पॉलिश केली, तरी आटे खोटं बोलणार नाहीत. निपाणीत एका लॉजच्या वरच्या मजल्यावर ते टेबल अजून जिवंत आहे, कापड तिसऱ्यांदा बदललेलं. रॅकवर अकरा काठ्या. मी एकेक उघडून नट फिरवत बसलो आणि तिथली पोरं खेळ थांबवून माझ्याकडं बघत बसली. सातव्या काठीला नट चढला. एक आटा, दोन, सर्रकन शेवटपर्यंत. माझ्या कानात रक्त वाजायला लागलं. मागचा भाग काळा होता, जड होता. मी तो खिडकीत नेला, टिकली शोधली. टिकली नव्हती. नखानं खरडलं तर काळा रंग निघाला आणि खाली पांढुरकं मेपल. मग लक्षात आलं की कारखान्यात बनणाऱ्या बऱ्याच क्यूंना अठराचेच आटे असतात, मिस्त्री शुद्धीत होता, चौदाचा हट्ट माझा होता. त्या पोरांनी कुंदा मात्र आवडीनं खाल्ला.

शिनोळी म्हणजे बेळगावातून बाहेर पडलं की लगेच महाराष्ट्र, चंदगड तालुका, कारखाने, आणि कारखान्यांच्या बाहेर चहा-मिसळीची हॉटेलं. टेबल घेतलेला माणूस आता असंच एक हॉटेल चालवतो. टेबलाचं काय झालं, तर 2019 च्या ऑगस्टात जो पूर आला त्यात त्याच्या गोडाऊनमध्ये कमरेएवढं पाणी, लाकूड फुगलं, कापड कुजलं. "दगड तेवढा ऱ्हायला," म्हणाला आणि मला आत बोलावलं. पूलच्या टेबलाखाली पाटीच्या दगडाच्या फरश्या असतात, चांगल्या इंचभर जाड, त्यावर कापड ताणतात. ती फरशी त्याच्या स्वयंपाकघरात ओटा होऊन बसलेली. त्याची बायको तिच्यावर चपातीचं पीठ मळत होती. कोपऱ्यात अर्धगोल तुकडा नव्हता, जिथं पॉकेट होतं तिथं, आणि त्या खाचेखाली तिनं बादली ठेवली होती, ओटा पुसला की सगळं पाणी, पीठ, चोथा थेट बादलीत. "लई सोयीचं केलंय ज्यानं केलंय त्यानं," ती म्हणाली. मी हात फिरवला. अजूनही एवढं सपाट की त्यावर बॉल ठेवला असता तर जागचा हलला नसता. कदाचित मामानं बॉल घातला तोच कोपरा. कदाचित दुसऱ्या टेबलाचा असेल, मला सांगता येणार नाही.

काठ्यांचं विचारलं. नवरा म्हणाला सगळ्या साध्या होत्या, वाहून गेल्या. आणि मग चहा गाळता गाळता, "एक काळा दांडा होता बघा जड, मालक गळ्यात मारत होता. मी घेतला नाही. त्याला दुसरी काठी लागत नव्हती कुठली." बायकोनं विचारलं, "कसला दांडा?" "शिसवाचा गं. पलंगाच्या खांबासारखा."

मी चहा तसाच ठेवला.

चार दिवस मी ज्या वस्तूला क्यू, स्टिक, बिलियर्ड, कस्टम असलं काय काय म्हणत गावोगाव फिरत होतो ती वस्तू या भागात त्या नावानं कधी राहिलीच नव्हती. पार्लरच्या बाहेर पडल्या क्षणी तिचं नाव परत दांडा झालं असणार. आमच्या गावाचंच 2014 साली बेळगावचं बेळगावी झालं, मी अजून पाकिटावर जुनं लिहितो आणि पत्र पोचतं, पण हे इथं सुचलं नाही.

संध्याकाळी सहाला परत पी. बी. रोड. गुजरीवाला शेड बंद करायच्या तयारीत होता. मी या वेळी फोटो काढलाच नाही. म्हटलं, अण्णा, शिसवी लाकडाचा दांडा, एवढा लांब, वर पितळी स्क्रू, खाली रबराचा बूच, मध्ये सूत गुंडाळलेलं, पिवळी टिकली.

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं. "अव्वाचं काठी?"

म्हातारी तिथंच होती, त्याच खुर्चीवर. काठी मांडीवर आडवी. सूत कधीच निघून गेलेलं, तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. बूच तोच, झिजून तिरका झालेला. वर, जिथं स्क्रू असायचा तिथं, मुठीएवढा पितळी गोळा, गेटच्या खांबावर असतो तसला, हात फिरून फिरून चकाकणारा. मुलगा सांगत होता की माल आला तेव्हा अव्वाचा पाय नुकताच मोडलेला, हिची उंची कमी, बाजारातली काठी हिला लांब व्हायची, ही बरोबर मापाची, आणि स्क्रू साधाच होता, अडीच सूत, भाऊ उद्यमबागला लेथवर आहे त्यानं गोळ्याला टॅप मारून दिला, पाच मिनिटांचं काम. "दुसरं पातळ काठी होती, पोरांनी झेंड्याला लावली. मग कुठं गेली गोत्तिल्ला." (म्हणजे माहीत नाही.) अॅशचे बाण कुठल्या झेंड्याखाली गेले ते मी विचारलं नाही, सीमाभागात ते विचारू नये.

मी रस्त्यावर जाऊन आईला फोन लावला. सापडला म्हणून सांगितलं आणि कुठं, कुणाकडं, तेही. मला वाटलं ती म्हणेल पैसे दे आणि आण, किंवा नवीन काठी घेऊन दे. पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग तिनं विचारलं, "किती वर्साची हाय ती?"

"पंच्याऐंशीच्या पुढं."

"उंचीला पुरती काय तिला?"

पुरती, मी म्हटलं. बरोबर मापाची आहे.

"मग तिघं असूंदेत," आई म्हणाली आणि भाजी घ्यायला विसरू नको म्हणून फोन ठेवला.

आत आलो तर म्हातारीला मुलानं सगळं सांगितलं असावं. तिनं काठी माझ्यापुढं धरली. "बघायचं हाय काय? बघ." मी पायरीवर तिच्या पायाशी बसलो. ट्यूबच्या वर, चार बोटांवर, टिकली होती. पिवळी राहिलेली नव्हती, वीस वर्षांच्या घामानं तपकिरी झालेली, पण गोल, जागच्या जागी, दुसऱ्या बाजूला दुसरी. मी गोळा फिरवला. थोडा कडक गेला, मग सुटला. खालचा स्क्रू बघितला, वर बारीकशी काळी मळी, आटे शाबूत. खिशातला नट काढला आणि लावला. चढला.

"काय करालास ते?" ती म्हणाली. "मी उठणार हाय आता, आत जातो मी."

नट काढून खिशात टाकला. गोळा परत बसवला, घट्ट केला, काठी दिली. तिनं ती जमिनीवर टेकली, गोळ्यावर तळवा ठेवून थोडी डावी-उजवी करून बघितली आणि परत माझ्याकडं केली.

"अजून अर्धा आटा जातंय बघ."